फक्त बाहेरून

"एका काचेला दोन पँटी?" शिलाईबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या ओठांत धरलेली टाचणी खाली पडली.

काचवाला खिडकीपाशी उभा राहून काचा मोजत होता. आपण सांगितलेल्या दरात पँटी कुठून शिरल्या, हे त्याला कळेना. त्याला बोलावून आणणाऱ्या शेजारच्या नर्सबाईंनीच त्याची सुटका केली.

"ती सगळा हिशेब पँटींत करते हो. एका पँटीची लांबी कमी करायचे जेवढे मिळतात, तेवढे. मागच्या महिन्यात दाढ काढली, ती सहा पँटींची."

काचवाल्याने दारावर लावलेली दराची पाटी वाचली आणि मनात गुणाकार केला. "मग बरोबर आहे. चार काचा, आठ पँटी. आतून-बाहेरून मिळून."

शिलाईबाईंचे डोळे पांढरे व्हायचेच काय ते बाकी राहिले. आठ पँटी म्हणजे जवळजवळ आठवड्याची कमाई, तीही गिऱ्हाईक फिरकलं तर. खिडकी पुसायला ओलं फडकं आणि जुना पेपर लागतो, असंच त्या जन्मभर समजत आल्या होत्या. त्यासाठी माणूस बोलवायचा असतो आणि तो माणूस एवढे मागतो, हे कानांनी ऐकूनही त्यांना खरं वाटेना.

"अहो, काच पुसायचीय. नवी बसवायची नाहीये."

"बसवणारा घरात उभा राहून बसवतो," काचवाला शांतपणे म्हणाला. "मी गच्चीवरून दोरावर लटकतो. तिसरा मजला आहे, बाई. पडलो तर तिसऱ्यावरूनच पडणार, पहिल्यावरून नाही."

नर्सबाईंनाही धक्का बसला होता, पण वेगळ्या कारणाने. हा माणूस त्यांच्या भाच्याकडे दर दोन महिन्यांनी येतो, आणि भाच्याने आपल्याला कधी दर सांगितला नाही, हे त्यांच्या मनाला लागलं होतं.

"मी इतकी वर्षं इंजेक्शनं दिली," त्या शेवटी म्हणाल्या, "मला कुणी एका सुईमागे अर्धी पँट दिली नाही."

खिडकीला मात्र आता इलाज उरला नव्हता. शेजारच्या मोकळ्या जागेवर मोठी इमारत उठत होती, आणि तिची सिमेंटची धूळ काचांवर बसून, पाण्याने भिजून, वाळून तिची साय धरली होती. चारही काचा जाम बसवलेल्या. कडेची एक छोटी झडप तेवढी उघडायची, आणि तिच्यातून बाईंचा हात कोपरापर्यंतच जायचा. भर दुपारी घरात दिवा लागे. दिव्याच्या त्या पिवळ्या उजेडात शिलाईबाईंनी एका काळ्या पँटला निळ्या दोऱ्याने शिवण घातली. गिऱ्हाइकाने ती रस्त्यावर उन्हात धरून त्यांना दाखवली. तो पुन्हा आला नाही. बाईंना वाटलं, डोळे गेले. चष्मेवाल्याने तपासून सांगितलं, डोळे ठणठणीत आहेत, उजेड आणा.

ज्या बाईने उभ्या आयुष्यात एक टाका चुकवला नाही, तिला निळ्या-काळ्यातला फरक कळेनासा व्हावा, याची त्यांना भीती वाटली होती. शिवण सुटली की घर सुटलं, इतका सरळ हिशेब होता तो.

"फक्त बाहेरून किती?" त्यांनी विचारलं.

"पाच पँटी. आतून तीन."

"मग फक्त बाहेरून करा."

"अगं, तीन पँटींसाठी?" नर्सबाई म्हणाल्या. "एवढा नाकापेक्षा मोती जड केलाच आहेस, तर पुरता तरी घाल."

"आतलं माझं मी बघते," शिलाईबाई जरा तोडूनच म्हणाल्या. नर्सबाई 'बघ बाई तुझं तू' असं तोंड करून आपल्या घरी गेल्या. काचवाला दोर घेऊन जिन्याने गच्चीवर गेला. दोघांनीही मनात एकच आडाखा बांधला होता, की बाईंचा हात आखडता आहे. तो होताही. पण कारण ते नव्हतं.

कारण डावीकडच्या काचेवर होतं, आतल्या बाजूने. खुर्चीत बसलेल्या माणसाचं डोकं जिथे टेकेल, तिथे तळहाताएवढा एक तेलकट डाग होता.

बाईंचा नवरा लिफ्टमन होता. सारी नोकरी त्याने एका लोखंडी पेटीत काढली. लोकांना सातव्या मजल्यावर सोडायचं आणि दार ओढून खाली यायचं. सातव्या मजल्यावरून काय दिसतं, हे त्याला कधी बघायला मिळालं नाही, कारण खाली कुणीतरी घंटी दाबलेलीच असायची. रिटायर झाला त्या दिवशी घरी येऊन त्याने पहिलं काम केलं, ते खुर्ची खिडकीशी ओढण्याचं. सकाळी तेल लावून चापून भांग पाडायचा आणि काचेला डोकं टेकून बसायचा. बाई खाली मान घालून मशीन चालवायच्या आणि तो त्यांना रस्ता सांगायचा.

"बेकरीवाल्याने नवी पाटी लावलीय. वाकडी आहे."

"असू दे."

"तुझं गिऱ्हाईक येतंय. पिशवी फुगलेली आहे. चहा टाकू नकोस, हा बसला की उठत नाही."

"डोकं टेकवू नका हो. काच तेलकट होते."

तो बाहीने काच पुसायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा टेकून बसायचा. यावरून त्यांची रोज कुरबूर व्हायची. मग एक दिवस तो गेला, आणि त्या दिवशीचा डाग पुसायला कुणी उरलं नाही.

बाईंनी तो पुसला नाही. भिंतीवर त्याचा फोटो होता, पण फोटोत तो युनिफॉर्म घालून, ताठ, कुठल्यातरी साहेबासाठी दार उघडून उभा असल्यासारखा होता. डाग घरातला होता. बाहेरची धूळ यायच्या आधी, संध्याकाळी ऊन तिरपं आलं की त्यात केसांच्या बारीक रेघा दिसायच्या आणि मधोमध भांगाची जागा कोरी दिसायची. बाई सगळी खोली झाडायच्या, पुसायच्या, आणि त्या जागेला वळसा घालायच्या. हे त्या कुणाला सांगणार? नर्सबाईंना सांगितलं असतं तर त्यांनी आधी नाडी तपासली असती.

वरून आधी दोन बूट आले, मग गुडघे, मग काचवाला आला. शिलाईबाईंनी घाबरून मशीन घट्ट धरलं, जणू दोर त्यालाच बांधला होता. त्याने फेस लावला, आणि रबराची पट्टी वरून खाली एकदा ओढली.

उजेड एकदम आत आला. बाई बघतच राहिल्या. इतके दिवस मळकट वाटणाऱ्या भिंती फिकट हिरव्या होत्या, हे त्या विसरूनच गेल्या होत्या. वरच्या कोपऱ्यात जाळी लोंबत होती आणि ती या अनोळखी माणसाला दिसत असणार, याची त्यांना लाज वाटली. त्यांनी डब्यातून दोन रिळं काढून उजेडात धरली. हे काळं, हे निळं. इतकं सोपं होतं ते. पाच पँटी फुकट गेल्या नाहीत, असं त्यांना वाटलं, आणि असं वाटल्याचंही आश्चर्य वाटलं. या माणसाला चहा दिलाच पाहिजे, असं ठरवून त्या स्वयंपाकघरात गेल्या.

काचवाला जिना उतरून घरात आला तेव्हा दूध अजून तापायचं होतं. "बसा, आणतेच," बाई आतून म्हणाल्या. तो बसला नाही. आपलं काम उजेडाविरुद्ध तपासायची त्याला सवय होती. बाहेरची बाजू आरशासारखी झाली होती, आणि म्हणूनच आतला तो डाग आता बोंब मारत होता. असा डाग राहिला की लोक म्हणतात, याने नीट पुसलं नाही. आत कुठला आणि बाहेर कुठला, हे कोण बघायला जातं? शिवाय बाईंनी तीन पँटींसाठी मन मारलं होतं, आणि आता त्याच्यासाठी दूध तापवत होत्या. त्याला बरं वाटलं. त्याने खांद्यावरचं फडकं काढलं.

बाई कप घेऊन बाहेर आल्या आणि जागच्या जागी थांबल्या.

"घाबरू नका," काचवाला हसून म्हणाला. "आतल्याचे पैसे नाही घेणार. तुमच्याकडून नको."

बाई काचेकडे बघत होत्या. काचेतून बेकरी दिसत होती. पाटी अजून वाकडी होती.

"तिथे डाग होता," त्या म्हणाल्या.

"तेलकट ना? भारी चिवट होता हो. पण काढला."

"सगळा?"

"सगळा. हात फिरवून बघा."

बाईंनी हात फिरवला नाही. "फडकं कुठंय?"

"कुठलं फडकं?"

"त्यानेच पुसलंत ना? ते फडकं."

काचवाल्याने बादलीकडे बघितलं. बादली रिकामी होती. "ते लगेच धुतलं की. पाणी तुमच्या मोरीतच ओतलं."

बाईंनी कप टेबलावर ठेवला, पण टेबल कुठे संपतं हे त्यांना कळलं नाही. तो कडेवर कलला, आणि काचवाल्याने पुढे होऊन सावरला. त्याला आता काहीतरी चुकल्यासारखं वाटू लागलं. त्याने रिकाम्या खुर्चीकडे बघितलं, मग तिच्या शेजारच्या काचेकडे, मग भिंतीवरच्या फोटोकडे.

"कुणाचा होता?" त्याने हळूच विचारलं.

"ह्यांच्या डोक्याचा."

काचवाला मटकन खाली बसला. "मला सांगायचं तरी," तो म्हणाला. "एक शब्द बोलला असतात, बाई."

"काय सांगणार?" बाई म्हणाल्या. "डाग ठेवा म्हणून सांगायचं? तुम्हाला?"

चहावर साय धरली. मग बाईंनी मशीनच्या खणातून पैसे काढले, मोजले आणि त्याच्यापुढे धरले. ते आठ पँटींचे होते.

"मी एक पैसा घेणार नाही," तो म्हणाला. "बाहेरच्याचेही नाही."

"घ्या."

"बाई, माझ्याच्याने नाही घेववणार."

"काम चांगलं झालंय," बाई म्हणाल्या. हात पुढेच होता. "काच चांगली निघालीय. माझी शिवण चांगली असूनही लोक पैसे बुडवतात. तेव्हा कसं वाटतं ते मला माहीत आहे. मी कुणाचे बुडवायची नाही."

त्याने पैसे घेतले, न मोजता खिशात घातले, आणि पायऱ्या उतरताना प्रत्येक मजल्यावर थांबत खाली गेला.

संध्याकाळी नर्सबाई आल्या. "काय लख्ख झालंय गं," त्या म्हणाल्या, "आतूनही करून घेतलंस शेवटी." शिलाईबाई हो म्हणाल्या. त्या गेल्यावर बाईंनी मशीन बंद केलं आणि नवऱ्याच्या खुर्चीत जाऊन बसल्या. इतक्या वर्षांत त्या तिथे कधी बसल्या नव्हत्या. खूप रडल्या. रडून डोकं जड झालं तेव्हा ते आपसूक काचेला टेकलं. काच गार होती.

खाली एक माणूस पिशवी घेऊन येत होता. "फुगलेली आहे," बाई खोलीत कुणी नसताना म्हणाल्या.

पुढे धूळ पुन्हा साचली. काचवाला न बोलावता आला, दोरावरून उतरून बाहेरच्या चारही काचा पुसून गेला, आणि पैशांसाठी घरात आला. बाई स्वयंपाकघरात होत्या. डावीकडच्या काचेवर आतून एक तेलकट डाग होता. आधीच्यापेक्षा लहान, आणि चार बोटं खाली.

काचवाल्याने तो बघितला. खांद्यावरचं फडकं काढलं, त्याची घडी घातली, ती खिशात कोंबली आणि चहाची वाट बघत बसला.