तीन कुलपांचं कपाट

आमच्या विभागात तीन विद्वान विश्वासावर संशोधन करतात. एक समाजशास्त्राचे, एक अर्थशास्त्राचे, एक संगणकाचे. प्रकल्प एक, कपाट एक आणि कुलपं तीन, कारण एकट्याच्या हाती किल्ली गेली तर तो नोंदी पळवणार याची उरलेल्या दोघांना खात्री. मी तिथली कारकून. ही अक्कल रोज पाहून मला आता हसूही येत नाही.

प्रयोग असा, की लोकांनी एखादी मोलाची वस्तू महिनाभर आमच्याकडे ठेवायची. मागितली की लगेच परत. बहुतेकांनी बंद घड्याळं आणून आमची बोळवण केली. पलीकडच्या गल्लीतल्या शिवणवाल्या ताईंनी मात्र मुलीची मूळ गुणपत्रिका आणली. देताना त्यांचा हात अडखळला. पाण्याचा ग्लास पुढे करत मीच मोठ्या तोंडानं म्हणाले, काळजी करू नका, मी आहे ना.

सोमवारी त्या धापा टाकत आल्या. गुणपत्रिका चारच्या आत दाखवली नाही तर मुलीचा प्रवेश रद्द होणार होता. तीन वाजले होते. समाजशास्त्र म्हणाले, तिघे असल्याशिवाय मी किल्ली लावणार नाही. अर्थशास्त्र म्हणाले, आधी संगणकांचं लेखी आणा. संगणक परगावी विश्वासावर भाषण ठोकत होते आणि त्यांचा फोन बंद होता. मग दोघे चहाला गेले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

ताई रडल्या नाहीत. "तुम्ही म्हणाला होतात, मी आहे ना," एवढंच म्हणाल्या.

कपाट पुढून तिजोरी, पण मागे नुसती प्लायवूडची फळी, सहा स्क्रूंवर. ताईंच्या पिशवीत शिलाई मशीनचा स्क्रूड्रायव्हर होता. दहा मिनिटांत फळी खाली आली आणि ताई गुणपत्रिका घेऊन पळाल्या. मुलीचा प्रवेश झाला.

आत त्यांनी वस्तू देताना भरलेला फॉर्म उरला होता. 'कोणावर विश्वास ठेवून वस्तू दिलीत?' या प्रश्नापुढे त्यांनी लिहिलं होतं, 'पाणी देणाऱ्या बाईंवर.' त्यावर लाल रेघ आणि विद्वानांचा शेरा: असंबद्ध, वगळावे.

दोन दिवसांनी मला पत्र आलं. विश्वासघाताबद्दल लेखी खुलासा द्या. खाली तिघांच्या सह्या होत्या. दोन वर्षांत पहिल्यांदाच तिघांचं एकमत झालं होतं. मी खुलासा लिहिला नाही. पत्राला तो फॉर्म टाचला, लाल शेऱ्याखाली 'वगळू नये' असं लिहिलं आणि सही केली.