घरगाडीची किल्ली

आमच्या ह्यांना ड्रायव्हरशेजारच्या सीटवर बसवून कुठे न्यायचं, त्यापेक्षा लोखंडी कपाट डोक्यावर घेऊन चालत गेलेलं बरं. कपाट निदान तोंड पाडून बसत नाही. जन्मभर बस चालवली. आता नजर अधू झाली म्हणून डॉक्टरांनी स्टिअरिंगला हात लावायची बंदी केली, तर ह्यांनी ते असं मनाला लावून घेतलं, जसं काही सुनेनंच डॉक्टरांना पढवून ठेवलं होतं. मेळाव्याला निघालो तेव्हापासून तोंडातून शब्द नाही. सूनबाई गाडी चालवत होती आणि हे प्रत्येक वळणाला असा श्वास ओढत होते, की मागे पलंगावर बसलेल्या मला वाटावं, आता गेलोच.

गाडी म्हणजे आमची घरगाडी. ओटा, पलंग, संडास, सगळं चाकांवर. निवृत्त झाल्यावर ह्यांनी मोठ्या हौसेनं घेतलेली. अशा गाडीवाल्यांचा दरवर्षी तळ्याकाठच्या मैदानात मेळावा भरतो. लोकांच्या गाड्यांत डोकवायचं, त्यांच्या पडद्यांना नावं ठेवायची आणि आपल्या गाडीत येऊन चहा प्यायचा, दुसरं काही काम नसतं. मला आवडतं. मुलाला सुट्टी मिळाली नाही, म्हणून यंदा आम्ही तिघंच गेलो.

सूनबाईनं पाण्याच्या कडेला सपाट जागा बघून गाडी लावली आणि ती पाण्याचा पाइप जोडायला मागे गेली. हे उतरले, गाडीभोवती फिरले, नावं ठेवायला काही सापडेना म्हणून आणखी चिडले आणि मैदानाच्या पार पलीकडच्या शेडमध्ये जुन्या दोस्तांकडे निघून गेले.

आम्हा दोघींची दुपारची जेवणं उरकली आणि आभाळ काळंठिक्कर झालं. वारा असा सुटला की शेजारच्यांच्या गाडीचं कापडी छत दांड्यांसकट उपटलं आणि तळ्यात जाऊन पडलं. पाठोपाठ पाऊस. मेळाव्याचा व्यवस्थापक निथळत एकेक दार ठोकत आला. तळं फुगतंय, कडेच्या गाड्या ताबडतोब वर रस्त्याला घ्या, म्हणाला. सूनबाई पटकन पुढे जाऊन बसली आणि हात पुढे केला तो तसाच राहिला. किल्ली जागेवर नव्हती.

माझ्या लगेच लक्षात आलं. ही ह्यांची डेपोतली सवय. उतरायचं तर किल्ली काढून खिशात टाकूनच उतरायचं. गाडी कुणी चालवत आणली, हे त्या हाताला कुठलं कळायला. ह्यांना फोन लावला, तर तो माझ्याच उशीखाली वाजला.

पाणी मागच्या चाकांना लागलं. सूनबाई शेडकडे पळायला निघाली, मी दंड धरून तिला मागे ओढलं. मग तिथूनच ह्यांना तोंडाला येईल ते बोलून घेतलं. तेवढ्यात मैदानातल्या झाडाची मोठी फांदी कडाडून खाली आली. त्या झाडाखालूनच तर यायची वाट. असल्या पावसात, तसल्या डोळ्यांनी. गाडी गेली खड्ड्यात, माणूस येऊ दे, असं झालं मला.

आणि आले. वाकून, चाचपडत, एक हात खिशावर घट्ट. मला हायसं वाटलं, पण ते घटकाभरच. हे सरळ ड्रायव्हरच्या दाराशी गेले, दार उघडलं आणि सुनेला म्हणाले, "सरक."

आता इथे भांडण लागलं तर तिघंही बुडणार. मी तोंड उघडणार होते, पण सूनबाईनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"सरकते की," ती म्हणाली. "आधी सांगा बाबा, समोरच्या काचेतून तुम्हाला काय दिसतंय?"

ह्यांनी आत डोकं घालून बघितलं. नाकावरून पाणी गळत होतं.

"पांढरं."

"मलाही तेवढंच दिसतंय. बाहेर कुणीतरी पाहिजे."

ह्यांनी खिशातून किल्ली काढली आणि तिच्या हातावर ठेवली. एक थाप म्हणजे थांब, दोन म्हणजे चल, एवढं सांगून गाडीला एक हात लावून चालायला लागले. डोळ्यांनी दिसत नव्हतं ते पायांनी बघत होते. पाय रुतला की पत्र्यावर एक थाप, घट्ट जमीन लागली की दोन. मधेच चाक जागच्या जागी फिरायला लागलं, तर ह्यांनी दारातली माझी नवी सतरंजी ओढून चिखलात चाकाखाली सारली. थाप पडेल तशी सूनबाई गाडी घेत गेली, आणि बघता बघता आम्ही वर डांबरावर.

हे आत आले ते कुडकुडत. कपडे बदलून, माझी शाल गुंडाळून बसले आणि चहा घेता घेता सुनेला म्हणाले, "शेवटचं वळण चांगलं घेतलंस." ती नुसती हसली. मी उगाच ओट्याकडे तोंड करून डोळे पुसले.

वळून बघते, तर ह्यांचा हात पुन्हा किल्लीकडे चाललेला.

"अहो, राहू दे ती तिच्याकडेच," मी म्हटलं. "ड्रायव्हर तुम्ही चांगलेच होता. पण कंडक्टर त्याहून चांगले निघालात."