कळंबाला कळंब चालत नाही

आमच्या स्टार्टअप स्टुडिओत कुणी पैसे मागायला गेलं, की आधी त्याच्यासमोर उप्पीट येतं. मागून केसरीभात. मग पाच म्हातारी माणसं ओळीने बसतात आणि त्यातलं एक विचारतं, "स्वभावाने कशी आहे?" ही चौकशी कंपनीची असते.

सगळा घोळ सुधींद्रने घातला. बंगळूरची नोकरी सोडून तो म्हैसूरला आला आणि हूटगळ्ळीत एका गोदामाच्या वरच्या मजल्यावर त्याने स्टुडिओ थाटला. नव्या कंपन्यांना बसायला टेबल, थोडा सल्ला आणि सुरुवातीची गुंतवणूक द्यायची, असा बेत. पैसा आमच्या मराठा मंडळींच्या ट्रस्टचा. आमचे पूर्वज म्हैसूरच्या फौजेत घोड्यावरून आले आणि इथलेच झाले. ट्रस्टची टी. नरसीपूरला जमीन होती, ती विकून मंडळींनी सुधींद्रला पैसा दिला. अट एकच, निर्णय ट्रस्टची वडीलधारी माणसं घेणार.

पहिल्याच बैठकीत सुधींद्र म्हणाला, "एकट्या माणसाला आपण पैसे द्यायचे नाहीत. दोघं भागीदार हवेत. आणि भागीदारी म्हणजे एक प्रकारचं लग्नच असतं."

तोवर पेंगणारी कमिटी खडबडून जागी झाली. अध्यक्ष सयाजीराव म्हणाले, "लग्न का? हे आधी सांगायचं अल्ला, नाही का! ते आम्हाला येतंय."

तेव्हापासून सुरू झालं. ड्रोन बनवणाऱ्या तरुणाला कडक मंगळ निघाला, म्हणून त्याच्यासाठी मंगळाचीच भागीदार शोधली. करारावर सह्या होताना मंगलाष्टकं म्हटली गेली आणि अक्षता लॅपटॉपवर पडल्या. त्यांच्या कीबोर्डात अजून तांदूळ आहेत. सहा महिने झाले की कमिटीतल्या भागीरथीआज्जी प्रत्येक जोडीला गाठून विचारतात, "काही गोड बातमी?" सुधींद्र आधी वाद घालायचा. पण इथल्या जोड्या मोडत नाहीत हे त्याच्या लक्षात आलं आणि तो गप्प बसला. मोडणार कशा? भांडण झालं की आज्जी एकाला चार दिवस माहेरी पाठवतात.

तर अशा ठिकाणी मी आणि माझी भागीदार नव्या उभ्या राहिलो. आमच्या कंपनीचं नाव 'कान'. गाडीचा आवाज ऐकून बिघाड सांगणारं यंत्र आम्ही बनवलं होतं. लष्कर मोहल्ल्यातल्या गॅरेजांतून महिनोन्‌महिने फिरून मी आवाज गोळा केले होते, आणि नव्याने त्यांवर प्रोग्रॅम लिहिला होता. माझी शिल्लक संपली होती. स्टुडिओ हो म्हणाला तर कंपनी राहणार, नाही म्हणाला तर सोमवारी मी बंगळूरच्या जुन्या नोकरीवर हजर होणार, इतकं ते सरळ होतं.

कमिटीत माझे वडील, अप्पाही होते. फत्तेसिंगराव. दोन वर्षांपूर्वी मी नोकरी सोडली तेव्हापासून ते माझ्याशी फक्त पाण्याच्या टाकीबद्दल बोलत होते. माझा विषय निघाला की ते खिडकीबाहेर पाहायचे. त्या दिवशीही पाहत होते. अशा वेळी मला त्यांचा इतका राग यायचा की विचारू नका.

पहिला वाद, आमच्यात वरपक्ष कोण, यावर झाला. दोघी मुलीच. शेवटी आवाज जिचे ती मुलीकडची आणि प्रोग्रॅम जिचा ती मुलाकडची, असं सयाजीरावांनी ठरवलं. नव्या मुलाकडची झाली. तिला लगेच उप्पीट जास्त वाढलं गेलं.

"पत्रिका उत्तम आहे," भागीरथीआज्जी म्हणाल्या. "कंपनी रजिस्टर झाली ती वेळ तर फारच चांगली. आता देवक सांगा, म्हणजे आय्तु, झालं."

"कळंब," मी म्हटलं.

नव्याने घरी फोन लावला. "माझी अम्मा पण कळंबच म्हणते," ती म्हणाली. "सुष्मा, देवक म्हंजे एनु?"

मी तिला सांगणार, तोवर पाचही जणांनी चमचे खाली ठेवले. आमच्यात ज्यांचं देवक, म्हणजे कुळाचं पवित्र झाड-पान, एक, ते भाऊबंद. त्यांच्यात लग्न होत नाही.

"कळंबाला कळंब चालत नाही," सयाजीराव म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं.

"पण काका, या दोघी गाड्यांचे आवाज ऐकणार आहेत!" सुधींद्र ओरडला. "संसार नाही करणार!"

"लग्न आहे म्हणून तूच सांगितलास. आता सुम्ने, गप्प बस."

वाट आज्जींनीच काढली. अशा वेळी मुलगी मामाला दत्तक द्यायची, म्हणजे तिचं देवक बदलतं. नव्याला मामा नव्हता. माझा टी. नरसीपूरला होता आणि त्याचं देवक पंचपल्लव. त्याला फोन गेला. मला विचारलं तेव्हा मी म्हटलं, "द्या की! आत्ता द्या." कंपनी मिळणार असेल, तर मी सयाजीरावांच्या कुत्र्यालाही दत्तक गेले असते.

मामा केळ्यांचा घड घेऊन बसने आला. त्याला नुसते मुलगेच, त्यामुळे तो फार खुशीत होता. "हिच्यासाठी वरची खोली रिकामी करतो," असंही तो म्हणाला. विधी साधा होता. बापाने 'दिली' म्हणायचं, मामाने 'घेतली' म्हणायचं.

अप्पा उभे राहिले. मामाने हात पुढे केले.

"म्हणा, फत्तेसिंगराव," सयाजीराव म्हणाले.

अप्पांनी घसा खाकरला. पुन्हा खाकरला. मग म्हणाले, "नाही देत."

"घेतली," मामा घाईत म्हणून गेला.

"अरे, नाही देत म्हटलं!"

"अप्पा, हे नावापुरतं आहे!" मी दात-ओठ खाऊन म्हणाले. "माझी कंपनी बुडेल!"

"नावापुरतं पण नाही." त्यांचा आवाज चिरकला. "मला बोलायला येत नाही, ते वेगळं. म्हणून काय देऊन टाकायची? ही गेली तर मी घरात भांडू कुणाशी? तुमच्याशी?"

सुधींद्र डोकं धरून बसला होता.

सयाजीराव काही वाईट माणूस नाहीत. ते माझ्याकडे वळले. "सुष्मा, तू आता मोठी आहेस. बापाचं राहू दे. तू स्वतः 'गेले' म्हण, तरी कमिटीला चालतंय. पैसे आजच देतो."

म्हणजे सगळं माझ्यावर आलं. मी नव्याकडे पाहिलं. ती डोळ्यांनी 'म्हण, म्हण' सांगत होती, आणि तिची चूक काहीच नव्हती. दोन-तीन तासांपूर्वी मी कुत्र्याकडे जायला तयार होते. अप्पा माझ्याकडे पाहत नव्हते. खिडकीबाहेरही पाहत नव्हते. ते आपल्या चपलांकडे पाहत होते. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. मला भयंकर राग आला. हे दोन वर्षांपूर्वी बोलायला काय झालं होतं? मी 'गेले' म्हणायला तोंड उघडलं, आणि रडूच आलं.

"नाही जात," मी म्हटलं.

नव्याने लॅपटॉप मिटला. "होग्ली बिडु," ती म्हणाली. जाऊ दे. पण माझ्याकडे न बघता म्हणाली, आणि ते मला अजून लागतं. मामा केळी तिथेच ठेवून खाली उतरला. भागीरथीआज्जींनी डोळे पुसले आणि सुधींद्रला म्हणाल्या, "स्थळ चांगलं होतं रे."

जिन्यात अप्पा म्हणाले, "सोमवारी मी येतो सोडायला. बंगळूरला."

"काही गरज नाही. मी काय लहान आहे?"

"बॅग जड असेल."

"माझी बॅग मी उचलते."

"उचल की. मी सोबत येतो."

"कशाला पण?"

"येतो म्हटलं ना!"

बसस्टॉपपर्यंत आम्ही असे भांडत गेलो. लोक वळून बघत होते. माझी कंपनी बुडाली होती, आणि तरी मला बरं वाटत होतं, आणि बरं वाटतंय याचाच मला जास्त राग येत होता.