बोगद्यात थांबलेला मोटारडबा

मी एक जुना मोटारडबा आहे, मित्रांनो. विजेवर चालणाऱ्या छोट्या आगगाडीचा, तळहातावर मावेल एवढा. मागचे डबे नुसते घरंगळतात. मोटार फक्त माझ्या पोटात. त्यामुळे मी अडलो की सगळी गाडीच अडते.

लेथवर काम करणाऱ्या एका कारागिराने मला घडवलं. कारखान्यातून आला की तो पत्र्याला कानस मारत बसायचा. माझी चाकं रुळांतली वीज उचलून घ्यायची आणि मी पुठ्ठ्याच्या बोगद्यातून सुसाट बाहेर पडायचो. शेजारीपाजारी तोंडभरून कौतुक करायचे. त्याच्या दोन मुलांना तर माझ्याशिवाय काही सुचत नसे.

एका दुपारी मी बोगद्यातच थांबलो. जळका वास सुटला.

"काल तू पाडलंस ना त्याला!" धाकटा ओरडला.

"तू दामटलास म्हणून जळला," ताई म्हणाली.

शब्दाने शब्द वाढला. वैतागून वडिलांनी मला कपाटावर ठेवून दिलं, आणि मी तिथेच धूळ खात पडलो. मुलं मोठी झाली, आपापल्या घरी गेली, पण भांडण मात्र माझ्यासारखंच जपून ठेवलेलं. भेटली की कुणीतरी खपली काढायचंच. शेवटी दोघांनी एका वेळी घरी येणंच सोडलं.

गेल्या वर्षी वडिलांच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं, तेव्हा कुठे दोघं एका खोलीत आली. टॅक्सी सांगून झाली होती. आई पिशवी घेऊन दारात उभी. आणि हा गृहस्थ खुर्चीतून हलेना.

"आधी गाडी चालू करा. दोघांनी मिळून. मग येतो."

"बाबा, ही काय वेळ आहे?" ताईचा आवाज चिरकला.

"हीच आहे."

धाकट्याने दात-ओठ खात रूळ मांडले. रुळांना छोटा दिवा जोडून पाहिला, तो पेटला. म्हणजे वीज येत होती. ताईने माझी चाकं स्पिरिटने पुसली. मी ढिम्म. मग स्क्रू काढून त्यांनी माझं पोट उघडलं आणि मोटारीला थेट तारा लावल्या. मी गुरगुरलो, पण चाक फिरेना. तोच जुना वास!

"बंद कर! जळेल तो!"

धाकट्याने तार ओढली. खाली टॅक्सीचा हॉर्न वाजला. वडिलांचा श्वास जड झाला होता. आईने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"मोटार जिवंत आहे, काहीतरी अडकलंय," धाकटा म्हणाला. "ताई, तुझी नजर चांगली. बघ ना."

कित्येक वर्षांनी त्याने तिला ताई म्हटलं. ती चिमटा घेऊन वाकली. दातेरी चाकाला करकचून गुंडाळलेला धागा तिने तुकड्यातुकड्याने बाहेर काढला. लाल लोकर.

"ही तर गालिच्याची! रुळांखाली गालिचा कुणी घातला होता?"

दोघांनी एकदमच वडिलांकडे पाहिलं.

"आवाज फार व्हायचा रे," ते पुटपुटले. "म्हणजे इतकी वर्षं भांडलात तुम्ही, आणि चोर मी!"

आधी आई हसली. मग बाकीचे.

जास्त तापल्याने एक तार निखळली होती. धाकट्याने कथील वितळवून डाख लावला, ताईने तार धरून ठेवली. मग तिने मला रुळांवर ठेवलं. पुन्हा हॉर्न. बटण दाबलं. मी कचरलो, एक ठिणगी उडाली, आणि मी निघालो. बोगद्यात शिरलो तेव्हा खोलीत कुणी श्वास घेत नव्हतं. बाहेर आलो, तेव्हा वडील उठून चप्पल शोधत होते.

ते परत आले, मित्रांनो. थोडे वाळले आहेत, पण दर रविवारी मला तेल घालतात, आणि मुलं रूळ मांडतात.

एखादं यंत्र किंवा माणूस अचानक थांबलं, तर आधी ते उघडून बघा, आत काय अडकलंय ते. आणि हो, त्याला कपाटावर टाकू नका. तिथे फार वाट पाहावी लागते.