तांबड्याला लावलेलं वळण

मंद्रूपच्या पंचक्रोशीत रावजीनं किती गोऱ्हे औताला लावले असतील, त्याला गणती नाही. मारका गोऱ्हा असो की बसका, रावजीनं कासरा हातात घेतला की तो मुकाट्यानं तासातनं चालायला लागायचा. असा हा गडी एका कुत्र्यापुढं हात टेकून बसला होता. पारावरची माणसं पोट धरून हसत होती, आणि हसणारच की! कुत्रं पुढं, रावजी मागं, पटका एकीकडं आणि वहाण दुसरीकडं, अशी वरात रोज गावातनं निघायची.

कुत्र्याचं नाव तांबड्या. रावजीच्या एकुलत्या एका लेकीनं, गोदावरीनं, त्याला बोळ्यानं दूध पाजून जगवलेलं. सोलापुरात मार्शल लॉ लागला त्या उन्हाळ्यात तिचं लग्न झालं आणि ती दुधनीला नांदायला गेली. पहिल्या दिवाळीला माहेरी आली, ती जाताना हट्टानं तांबड्याला घेऊन गेली, आणि तिथंच घात झाला. गोदाची सासू रंभाबाई हौसेनं त्याची दोरी धरून बाजाराला निघाली. वाटेत शेळी दिसली. तांबड्यानं असा हिसडा दिला की विहीणबाई भर बाजारात वाळल्या मिरच्यांच्या ढिगावर पालथ्या! अख्खी दुधनी हसली. दुसऱ्याच दिवशी गड्याबरोबर तांबड्या माघारी आला आणि त्याच्यासोबत निरोप आला, "पोरीला न्हाय नि कुत्र्यालाबी न्हाय, म्हायेरचं वळणच न्हाय. आदी कुत्रं नीट चालवून दावा, मग पोरगी धाडायचं बघू."

आता हे काय बोलणं झालं? कुत्र्याचा राग लेकीवर! पण मुलीच्या बापानं बोलायची सोय नव्हती. संक्रांत गोदाविना गेली. पाडवा गेला. आता नागपंचमी तोंडावर आली होती, आणि पंचमीलाही लेक आली नाही तर घरात दिवा लावायचासुद्धा जीव होणार नाही, असं रावजीला वाटायचं. जेवताना त्याला सगळ्यात जास्त आठवण यायची. भाकरीतला मऊ पापुद्रा गोदाला लागायचा. अजून त्याचा हात आपोआप तो सोलून बाजूला काढायचा. मग पापुद्रा तसाच ताटाच्या कडेला राहायचा, आणि बायको बजाबाई दुसरीकडं तोंड करून चुलीत फुंकर मारत बसायची.

रावजीला विद्या ठाऊक एकच. जनावर ओढतंय? कासरा ताणून धर. तो जितका ताणायचा तितका तांबड्या छाती फुगवून पुढं रेटायचा. खोकायचा, जीभ बाहेर काढायचा, पण ओढायचं सोडायचा नाही. शेवटी रावजीनं गोऱ्ह्यांचाच शेवटचा उपाय काढला. हूड गोऱ्ह्याला जुन्या बैलासोबत जुंपतात, तसं त्यानं तांबड्याला म्हाताऱ्या पाखऱ्याच्या गळ्यातल्या दाव्याला बांधलं.

"अवं, त्यो काय गोऱ्हा हाय?" बजाबाईनं कपाळाला हात लावला. "उद्या नांगराला जुंपशीला त्येला!"

"तू गप. बैलाजवळ शानपन असतं."

"मग घरातल्या मानसाला थोडं मागून घ्या की त्येच्याकडनं!"

पाखऱ्या विहिरीकडं निघाला. तांबड्यानं खारीमागं झेप घेतली. गळ्याला ओढ बसली तसा पाखऱ्या जागच्या जागी थांबला. रागावला नाही की शिंग उगारलं नाही. नुसता उभा राहून रवंथ करायला लागला. तांबड्यानं धडपड धडपड केली, दमला, आणि गुमान त्याच्या पायाशी आला. दावं सैल झालं, पाखऱ्या चालायला लागला. पुन्हा हिसडा, पुन्हा पाखऱ्या उभा. विहीर येईपर्यंत तांबड्या त्याच्या खुराशेजारनं चालत होता.

रावजी बांधावर बघतच राहिला. जन्मभर दुसऱ्याला ओढून वळणावर आणलं आणि इथं बैल नुसता थांबून काम करतोय!

दुसऱ्या दिवसापासून रावजीनं तेच धरलं. दोरी ताणली की खांबागत उभं राहायचं. सैल झाली की चालायचं. शेताला पोचायला दुपार व्हायची. लोक म्हणायचे, रावजीला उन्हाचा झटका आला. म्हणू देत! त्याला एकच दिसत होतं, दारातनं "आबा" म्हणत येणारी गोदा. हळूहळू तांबड्या त्याच्या गुडघ्याला लागून चालायला शिकला. दोरी असो नसो, रावजी हलला तर हलायचं, रावजी थांबला तर थांबायचं. बाजारात शेळ्या समोरनं गेल्या तरी तो नुसता कान टवकारायचा.

पंचमीच्या आधी रावजी तांबड्याला घेऊन दुधनीला निघाला. वाटेत सोलापुरात गिरणीचा भोंगा झाला, पाळी सुटली, रस्ता माणसांनी भरून गेला. त्या लोंढ्यातनं तांबड्या दोरी सैल ठेवून स्टेशनापर्यंत आला. रावजीला इतका आनंद झाला की त्यानं भर रस्त्यात खाली बसून कुत्र्याला पोटाशी धरलं.

दुधनीत व्याही हिंदुराव आणि रंभाबाई ओसरीवरच होते. वाड्यापुढनं दोन शेळ्या चालल्या होत्या. तांबड्या त्यांच्याकडं न बघता रावजीशेजारनं आला आणि बसला. हिंदुरावांनी मांडीवर थाप मारली. "वा पाव्हणं! मानलं तुमाला."

रंभाबाईनं कुत्र्याला वरनं खालनं न्याहाळलं. "आता कसं, वळण लागल्यागत दिसतंय," ती म्हणाली. रावजीचा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात माजघराच्या दारात गोदा आली. डोक्यावर पदर, हातात पाण्याचा तांब्या. लेकीला मूल होईस्तोवर बाप तिच्या घरचं पाणी पीत नाही, हे सगळ्यांना ठाऊक. तरी पुढं करायची रीत होती. रीतीप्रमाणं बापानं ओसरीवर बसायचं, लेकीनं दारातनं बोलायचं. ती वाळली होती. रावजीला बघून ती हसली, मग तांबड्याकडं बघून तिनं हळूच च्यक च्यक केलं.

तांबड्याचं सगळं अंग थरथरायला लागलं. घशातनं बारीक आवाज निघाला. पण तो उठला नाही. त्यानं रावजीकडं बघितलं.

"आबा," गोदा म्हणाली, "ह्यो मला इसरला व्हय?"

"न्हाय गं! जा की रं, जा!" रावजीनं घाईघाईनं दोरी सोडली. तांबड्या तिथंच. आबा हलले नाहीत, मग त्यानं कसं हलायचं?

हिंदुराव खदखदून हसले. "बगा, दोरी सोडली तरी जाग्यावर! ह्येला म्हणतात शिकवनं."

गोदानं पदर डोळ्याला लावला आणि ती आत वळली.

पंचमी हातात आली होती. गप्प बसला असता तर लेक घरी येणार होती. पण पोरगी मनात काय घेऊन येणार होती? माहेरचं कुत्रंसुद्धा आपल्याला विसरलं, हे? तो हातातली सुपारी खाली ठेवून उठला आणि सरळ ओसरी ओलांडून, माजघर ओलांडून, विहिणीच्या स्वयंपाकघरात गेला. तांबड्या गुडघ्याला लागून आला. चुलीपाशी गोदा पाठमोरी उभी होती. रावजी तिच्याजवळ पोचला मात्र, तांबड्यानं तिच्या अंगावर उडी घेतली, तिचे हात चाटले, तोंड चाटलं, तिच्या लुगड्यात शिरला.

"इसरला न्हाय, पोरी," रावजी म्हणाला. "म्याच त्येला थांबाया शिकवलं. तुला घरी न्यायाला शिकवलं गं. तुज्याबिगार घास उतरत न्हाय आमास्नी." आणि तो म्हातारा माणूस परक्याच्या चुलीपुढं ढसाढसा रडला.

मागं बांगड्या वाजल्या. दारात रंभाबाई उभी होती. रावजीनं घाईघाईनं डोळे पुसले. आता पंचमी गेली, हे त्याला कळून चुकलं.

रंभाबाईनं भिंतीला टेकवलेला पाट काढला आणि गोदाशेजारी मांडला.

"माजा बाप ह्या घरी मरस्तोवर येत व्हता," ती म्हणाली. "दर खेपेला वसरीवरनंच माघारी गेला. आत कवा आलाच न्हाय. बसा पाव्हणं. पाणी पिऊ नगा हवं तर, पर गोदा गाठोडं बांधस्तोवर तिच्यापाशी बसा."