छत्रीच्या काड्यांचे रूळ

"गाडीचं दार कुठल्या अंगाला उघडतं, मुकादम?"

बाईजा पडवीच्या पायरीशी उभी होती. हातात पितळेची नवी कोरी किटली होती, परवाच म्हशाच्या जत्रेतून आणलेली. देवजी घुडे जमिनीवर पालथा पडून आगगाडीच्या एका इवल्या डब्याच्या चाकाला एरंडेल लावत होता. मान वर न करताच त्याने हसत सांगितले की दारे दोन्ही अंगांना असतात, पण उतरायचे ते फलाटाच्या अंगाला.

"मग टपरी फलाटाच्याच अंगाला घालते," बाईजा म्हणाली. "च्या करीन, आन् काकडीच्या दिवसांत काकडी. उन्हाळ्यापतूर गाडी आली तं बरं. पावसात आता मला लावणी नाय."

देवजीचा हात थांबला. लावणी का नाही, असे त्याने विचारले. बाईजाने काही लपवले नाही, लपवण्यासारखे तिला काही वाटतच नव्हते. ओढ्यालगतचे आपले भाताचे खाचर तिने अनंता देसल्याला दिले होते आणि त्याच्या बदल्यात त्याचा खडकाळ माळ घेतला होता. तलाठ्याकडे कागद झाला होता, तिचा अंगठा उठला होता. ओढ्यालगतच खाचरे असलेल्या दामू आणि गणूनेही तसेच केले होते. तिघांनी माळाचे तीन तुकडे वाटून घेतले होते आणि बाईजाच्या वाट्याला फलाटाकडचा तुकडा आला होता. आपण नशीबवान ठरलो असे तिला वाटत होते.

"कसला फलाट, बाईजा?"

तिने किटलीच्या तोटीने पडवीत दाखवले. तिथे, फळ्यांवर, देवजीने स्वतःच्या हाताने बांधलेले मुरबाड स्टेशन होते.

देवजीची ती लाइन समजून घ्यायची तर थोडे मागे जावे लागेल. तीस वर्षे तो आटगावच्या बाजूला रेल्वेच्या गँगमध्ये होता, शेवटची अकरा मुकादम म्हणून. घर मुरबाडच्या शिवेवर. महिन्यातून एकदा तो किन्हवली, सरळगाव करत पायी घरी यायचा, त्यात अख्खा दिवस जायचा. दुसऱ्यांसाठी रोज रूळ सरळ करायचे आणि आपण मात्र ढेकळे तुडवत घर गाठायचे, याचा त्याला मनातून राग होता. मग चालता चालता तो जमीन बघू लागला. इथे चढ सोसेल, इथे भराव लागेल, काळू नदीवर पूल इथेच बसेल. अशी आसनगावपासून म्हशापर्यंतची सगळी लाइन त्याच्या डोक्यात टाकून झाली होती. नोकरी संपली तेव्हा साहेबाने त्याला पितळी बटणांचा निळा कोट आणि दोन बावटे ठेवून घेऊ दिले. घरी आल्यावर महिनाभरात त्याने पडवीत फळ्या मांडल्या.

रूळ केले मोडक्या छत्र्यांच्या काड्यांचे. स्लीपर सागाच्या काटक्यांचे, वर चांभाराच्या चुका ठोकलेल्या. दोऱ्याचे लाकडी रीळ मधोमध कापले की दोन चाके मिळतात, कडेला आयती उंच कड असलेली, हे त्याला शिंप्याच्या दुकानात बसल्या बसल्या सुचले आणि त्या दिवशी तो जेवायचा विसरला. डबे रॉकेलच्या डब्याच्या पत्र्याचे. इंजिनाच्या पोटात गजराच्या घड्याळाची कमान. हजार पावलांना एक वीत असे माप धरून त्याने सगळा मुलूख पुन्हा पायी मोजला. लोक म्हणत, मुकादमाला वारे लागले.

सुख होते तसा तापही होता. पहिल्या पावसाळ्यात फळ्या फुगल्या आणि दोन रुळांमधले अंतर वाढले, गाडी मधल्या मध्ये बसली. तूस आणि खळ कालवून केलेला सिद्धगड उंदरांनी चार रात्रींत खाल्ला. गड कोणाला जिंकता आला नसेल, आमच्या घरच्या उंदरांनी जिंकला, असे सरस्वती, देवजीची बायको, पाणवठ्यावर सांगत सुटली. देवजीने गड भिंतीच्या चिकणमातीने पुन्हा उभारला. सरळगावच्या वळणावर गाडी वर्षभर घसरत होती. एके दिवशी त्याला आठवले की खऱ्या लाइनीत आपण वळणावर बाहेरचा रूळ उचलून धरत होतो. त्याने काडीखाली ताडाच्या पानाची पट्टी सारली आणि गाडी वळली. साठीचा माणूस टाळ्या वाजवत अंगणात गेला, आणि कोणाला सांगावे ते न कळून परत आला.

सांगायला एकच माणूस होता, अनंता. दोघे एका पाटीवर शिकलेले. अनंताने पुढे भाताच्या व्यापारात चांगले बस्तान बसवले, पण रोज दिवस कलला की तो पडवीत हजर असे. कल्याणला गेला की मोडक्या छत्र्या शोधून आणी, घड्याळाची कमानही त्यानेच आणली. तो थट्टा करत नसे. खाली बसून विचारी की इथे चढ का ठेवलास, इथे रुळाखाली पाण्याला मोरी का. देवजीला तीस वर्षांत हे कोणी विचारले नव्हते.

स्टेशन देवजीने आधी तळ्याकाठी मांडले होते. अनंता म्हणाला, तिथे पाणी साचते, माळावर ने, खाली खडक आहे. म्हणणे अगदी बरोबर होते. कुठल्याही इंजिनियराने तेच सांगितले असते. माळ अनंताचा आहे हे देवजीला माहीत होते, आणि मित्राच्या जमिनीवर आपले स्टेशन यावे याचा त्याला उलट आनंदच झाला. मग स्टेशनाच्या भोवतालचे जे जे खरे होते ते सगळे त्याने मांडले. ओढा, पाऊलवाट आणि बाईजाच्या बांधावरचा आंबा. आंब्याला शेवाळाची पाने लावली, वर हळदीचा मोहर. जिकडे खरा आंबा वाकलेला होता तिकडेच हाही वाकवला.

गेल्या दिवाळीत गाडी पहिल्यांदा न घसरता आसनगाव ते म्हसा धावली. अनंता म्हणाला, नारळ फोडायला हवा, आणि पडवीत नको, स्टेशन जिथे येते तिथे माळावर जाऊन फोडू. देवजीला गहिवरून आले. त्याने पेटीतला निळा कोट काढला, बटणे चिंचेने घासली. माळावर एका बाजूला लाल आणि एका बाजूला हिरवा बावटा रोवला आणि खडकावर आपल्या हाताने नारळ फोडला. आठ-दहा माणसे जमली होती, अनंताने बोलावली असावीत. देवजीने सगळ्यांना खोबरे वाटले. त्याच्या लेखी तो दोन म्हाताऱ्यांचा खेळ होता. पण आपल्याकडे विहीर, घर, लग्न, काहीही असो, नारळ फुटला की काम ठरले. आणि इथे तर रेल्वेच्या कोटातल्या मुकादमाने फोडला होता.

बाईजा निघून गेल्यावर देवजी तसाच उठला आणि अनंताच्या खळ्यावर गेला. अनंता खाटेवर बसून भाताची पोती शिवून घेत होता. त्याने नेहमीसारखीच जागा करून दिली. देवजी बसला नाही. खाचरे परत कर, एवढेच तो म्हणाला. अनंताने शांतपणे सांगितले की कागद झालेत, राजीखुशीने झालेत, आणि आपण कोणाला गाडी येणार असे एका शब्दाने सांगितलेले नाही.

"लोक विचारायचे, तं मी म्हणायचो मुकादमाला विचारा," अनंता म्हणाला. "तुला कोनी विचारलं नाय. तुझा कोट बघून गेले ते. नारळ तू फोडलास, देवजी."

हे खरे होते. पण देवजीला विचारायचे होते ते वेगळेच होते. ते त्याने विचारले.

"तीन वर्षं तू माझ्याकडं येत व्हतास, ते गाडीसाठी का खाचरांसाठी?"

अनंताने खरोखर आठवून पाहिले. तो खोटे बोलला असता तर बरे झाले असते.

"गाडीसाठीच. ते मागनं सुचलं."

"कधी?"

"तू शेवाळाचा आंबा लावलास ना, तवा. तू घरात गेलेलास, आन् बाईजा बघाया आलेली. आपला आंबा ओळखला तिनं, डोळ्यांला पदर लावला. म्हटलं, हिला पटलं की कुनालाबी पटंल."

देवजी परत आला तो पडवीकडे न बघता आत जाऊन बसला. जमीन अनंताने नेली, ती नेणाऱ्यांनी नेहमीच नेली आहे. पण त्याने देवजीचे सगळ्यांत चांगले काम नेमके हेरले होते. वाकडा आंबा वाकडाच मांडण्याचा जो निर्मळ आनंद होता, त्याचाच त्याने गळ केला. रुळाची एक काडी जरी देवजीने बेपर्वाईने ठोकली असती तर बाईजा फसली नसती. हे त्याला कळले आणि तो लहान मुलासारखा रडला.

दुसऱ्या दिवशी तो कचेरीत गेला. तिथल्या कारकुनाने ऐकून घेतले आणि अदलाबदल हा काही गुन्हा नाही असे सांगितले. मग तो दामूकडे गेला, गाडी येणार नाही, कधीच ठरलेले नव्हते, मी खेळ केला होता, असे त्याने हात जोडून सांगितले. दामू हुशारीने हसला. मुकादमाला आता माळ स्वतःला हवा असणार, हे त्याने लगेच ओळखले. गणूनेही तेच ओळखले. दोघांनी मिळून त्या आठवड्यात आपापल्या तुकड्यांना काट्यांचे कुंपण घातले, देवजीपासून राखायला.

बाईजाने मात्र विश्वास ठेवला. ती आपल्या घराच्या ओट्यावर बसून ऐकत होती. तिने शिव्या दिल्या असत्या तर देवजीला सोसल्या असत्या.

"मग कोट का घातला व्हता, मुकादम?" तिने विचारले.

आनंद झाला होता म्हणून घातला होता, पण हे तिला कोणत्या तोंडाने सांगणार? ती उठून आत गेली. ओट्यावर किटली तेवढी राहिली, तिच्यात अजून पाणीसुद्धा पडलेले नव्हते.

घरी सरस्वतीने ताट वाढले. ती एरवी टोमण्याशिवाय वाढत नसे, आज वाढले.

"तुमी नाय फसवलं तिला," ती म्हणाली, "पन तुमच्या हातानं फसली ती. ते हात घेऊन हितं बसून काय करता?"

तिसऱ्या दिवशी उजाडताच देवजी माळावर होता, पहार आणि घमेले घेऊन. बाईजाच्या तुकड्यात खडक फार होता, पण दोन जागी पहार वीतभर आत जात होती. तीस वर्षे खडी फोडलेला माणूस होता तो, दगडाची शीर कुठे आहे हे त्याला हाताने कळे. फोडलेले दगड तो उताराच्या बाजूला रचू लागला. बांध धरला, मागे माती साठवली, तर दोन-तीन पावसाळ्यांत खाचर नाही तरी नाचणीपुरती जागा झाली असती. माती मात्र आणायची होती, आणि माळावर ती कुठे असणार? ओढ्याकडची माती आता अनंताची होती.

पाचव्या दिवशी त्याने पडवीतल्या लाइनीला हात घातला. रूळ उचलून छत्रीच्या काड्यांची मोळी बांधली, डबे पेटीत कोटाखाली ठेवले. मग कुदळीने सिद्धगड फोडला. चांगली चिकणमाती होती, उंदरांच्या भीतीने घट्ट मळलेली. सगळा सह्याद्री मिळून सहा पाट्या भरला. तीन त्याने माळावर नेल्या, तीन सरस्वतीने, थट्टेचा एक शब्द न बोलता. आंबा त्याने मोडला नाही. तो कुठे ठेवावा हेही कळेना, शेवटी वळचणीला खोचून दिला.

दुपारी बाईजा माळावर आली. ओट्यावरून उठून गेल्यापासून तिने पहिल्यांदाच त्याच्याकडे पाहिले. आपली मोकळी पाटी खाली ठेवून ती बांधाच्या टोकाशी उभी राहिली. पलीकडे ओढ्याच्या काठाला तिचा आंबा दिसत होता, त्याला खरा मोहर धरू लागला होता.

देवजी दुसऱ्या टोकाला गेला, पालथा पडला, गाल जमिनीला टेकवून एक डोळा मिटला. लाइन सरळ आहे की नाही हे तो आयुष्यभर असेच बघत आला होता. बांध मधे थोडा फुगला होता. त्याने पडल्या पडल्या हात वर केला आणि मुकादम करतो तशी डावीकडे सरकवण्याची खूण केली.

ही खूण बाईजाला कोणी शिकवली नव्हती. तिने थोडा वेळ त्याच्या हाताकडे पाहिले. मग ती बांधाच्या मध्यावर आली, वाकली आणि तिने फुगलेला दगड त्याने दाखवला तसा दोन बोटे डावीकडे सरकवला.