कोरडं न पडलेलं तोंड

ताईचं केस कापायचं दुकान आहे. मी धाकटी बहीण, तिच्याच हाताखाली काम करते. दिवसभर आरशासमोर उभी राहणारी बाई ती, चेहरा बदलला तर तिलाच आधी कळणार. पापण्या फुगल्या, मग जबड्याखाली दोन्ही बाजूंना टणक गाठी आल्या. गिऱ्हाइकं विचारायची, "रडलीस का गं?"

मोठ्या डॉक्टरांनी निदान ठोकून दिलं. शरीर स्वतःच्याच लाळेच्या आणि अश्रूंच्या ग्रंथींवर उलटतं, तोंड-डोळे कोरडे पडतात, तो आजार.

"पण माझं तोंड कोरडं नाही," ताई म्हणाली.

"पडेल हळूहळू."

रक्तात त्या आजाराची खूण सापडली नाही. काहींच्यात नसते, म्हणाले. गाठीचा तुकडा काढून तपासायचा का, असं मी विचारलं, तर त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि गोळ्या लिहून दिल्या. ताई वर्षानुवर्षं त्याच गोळ्या गिळत राहिली.

मग कावीळ झाली. स्कॅनमध्ये स्वादुपिंड सुजलेलं. कॅन्सरच असणार, सर्जन म्हणाले, आणि ऑपरेशन ठरलं. भावोजी भिंतीकडे तोंड करून बसायला लागले.

ऑपरेशनआधी तपासायला एक डॉक्टरीणबाई आल्या. पोटाला हात लावण्याआधी त्यांनी ताईचा चेहरा पाहिला.

"ही सूज कधीपासून? इथली आणि पोटातली एकच तर नाही?"

त्यांनी ऑपरेशन थांबवलं, गाठीचा तुकडा तपासायला पाठवला. आजार भलताच निघाला. तोही प्रतिकारशक्तीचाच, पण एकेक अवयव सुजवत जाणारा आणि दुसऱ्या आजारांची सोंगं घेणारा. स्टेरॉइड सुरू केल्यावर जबडा बघता बघता पूर्वीसारखा झाला, कावीळ उतरली. मूत्रपिंडं मात्र तोवर अधू झाली होती, ती तशीच राहिली.

बरं वाटल्यावर ताई मला घेऊन मोठ्या डॉक्टरांकडे गेली. रिपोर्ट टेबलावर ठेवला.

त्यांनी वाचला. "फार दुर्मिळ आजार आहे हो हा."

"असेल. मी दुर्मिळ नव्हते. सारखी याच खुर्चीत येऊन बसत होते. तोंड कोरडं नाही, असं दर वेळी सांगत होते."

"वैद्यकशास्त्रात असं होतं कधीकधी."

"शास्त्राला मी काही म्हणत नाही. तुम्ही ऐकलं नाहीत, एवढंच म्हणते. बाहेर अजून माणसं बसलीत, त्यांचं तरी ऐका."

डॉक्टरांनी पुढच्या पेशंटसाठी घंटी वाजवली.

रस्त्यावर आल्यावर ताईनं विचारलं, "जास्त बोलले का गं?"

"कमीच बोललीस," मी म्हणाले.